स्लॅबच्या पोटातली कौलं

मी आर्किटेक्ट आहे असं सांगितलं की पनवेलात अजूनही पहिला प्रश्न येतो, स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं का? आणि दुसरा, एलिव्हेशन करून द्याल ना? एलिव्हेशन म्हणजे घराचा रस्त्यावरून दिसणारा चेहरा. पस्तीस वर्षं मी हे काम केलं आणि त्यातली पहिली पंधरा-सोळा वर्षं बहुतेक चेहरेच काढले. आतला माणूस दुपारी कुठे बसेल, पंखा बंद पडला तर त्याचं काय होईल, हे मला कोणी विचारत नव्हतं आणि मीही आपणहून सांगत नव्हते.

त्या काळातला एक बंगला सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. नवीन पनवेलमधले एक डॉक्टर माझ्याकडे आले होते. त्यांच्या प्लॉटचं तोंड पश्चिमेला. मी दोन्ही मजल्यांची पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची काढली. खरं सांगायचं तर ती काच त्यांना नको होती, मला हवी होती. ऊन नाही का येणार, असं त्यांनी एकदा दबकत विचारलं. मी म्हटलं, एसी लावालच ना. विषय संपला. बंगला झाला, लोक गाडी थांबवून फोटो काढायचे, मला त्यावरून आणखी चार कामं मिळाली.

दोनेक वर्षांनी एप्रिलमध्ये काही किरकोळ बदलासाठी मी तिथे गेले. दुपारचे तीन वाजले असतील. डॉक्टरांचे वडील, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले आप्पा, गाडी ठेवायच्या पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. गाडी बाहेर, उन्हात. मी विचारलं, इथे का बसलात? त्यांनी अगदी सौजन्याने उत्तर दिलं. "एसी लावला की गुडघे दुखतात आणि बंद केला की आत बसवत नाही. तुमचं घर छानच आहे हो. मला राहायला ही जागा बरी पडते, इतकंच."

चिडून बोलले असते तर मी वाद घातला असता. पुढे मी डॉक्टरांना काचेबाहेर लाकडी पट्ट्यांची सावली करून द्यायची तयारी दाखवली, पण त्याने घराचा चेहरा बिघडतो म्हणून ते नको म्हणाले. चेहऱ्याचं महत्त्व त्यांना मीच शिकवलं होतं. आप्पा आणखी तीन उन्हाळे त्या पोर्चमध्ये बसले. मग गेले. त्या घरावरून जाताना मी आजही दुसरीकडे बघते.

त्यानंतर मी, वयाच्या चाळिशीत, गवंड्यांच्या एका शिबिरात पंधरा दिवस वीट लावायला शिकले. कमी सिमेंटमध्ये, कमी लोखंडात, आणि मुख्य म्हणजे उन्हाला आत न घेणारं घर कसं बांधायचं ते तिथे शिकवत. हात सोलवटून परत आले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायला लागले. गिऱ्हाइकं कमी झाली. लोकांना वाटायचं, बाई आपल्याला गरिबांचं घर बांधून देणार. त्या वर्षांत माझं ऑफिस चाललं ते सोसायट्यांच्या दुरुस्त्यांवर. शेलार आले नसते तर मी बहुधा पुन्हा चेहरे काढायला लागले असते.

प्रकाश शेलार विमा कंपनीत होते, त्यांची बायको मेधा शाळेत शिकवायची. मुलगी कॉलेजात. मुलुंडहून दोघं शनिवारी आले, विचुंबेला घेतलेल्या प्लॉटचे कागद आणि मोबाइलमध्ये भरलेले फोटो घेऊन. प्रकाशरावांनी मागण्यांची यादी टाइप करूनच आणली होती. चार बेडरूम, चारींना स्वतंत्र बाथरूम, होम थिएटर, दहा माणसांचं डायनिंग, कपड्यांची वेगळी खोली, आणि एक बार काउंटर. मी विचारलं, आपण घेता का? ते म्हणाले, नाही, पण सगळ्यांकडे असतं.

मी त्यांना एक वही दिली. माझी ती जुनी सवय. सांगितलं की एक महिना तुमच्या आत्ताच्या घरात कोण किती वेळ कुठे बसतं ते लिहा. कपाटातली, माळ्यावरची कोणती वस्तू या वर्षात एकदाही वापरली नाही तेही लिहा. पाहुणे किती दिवस राहायला आले ते आठवून लिहा. बरीच गिऱ्हाइकं वही घेऊन जातात ती परत येतच नाहीत. हे दोघं आले. वही मेधाबाईंनी शिक्षिकेच्या अक्षरात, रकाने आखून भरली होती. माळ्यावर न उघडलेले तीन डिनर सेट निघाले होते, एक केक भाजायची भट्टी, व्यायामाची सायकल, पाहुण्यांसाठीच्या म्हणून ठेवलेल्या आणि पाहुण्यांनाही कधी न दिलेल्या चादरी. राहणारे पाहुणे वर्षात फक्त गणपतीत. आणि तिघंही संध्याकाळचा सगळा वेळ स्वयंपाकघराला लागून असलेल्या एका छोट्या टेबलाभोवती काढत होते.

मेधाबाई हसत म्हणाल्या की मला लिहितानाच लाज वाटायला लागली. मी खूश झाले आणि त्या खुशीत चूक केली. प्रकाशरावांकडे बघून मी लहानशा भाषणालाच सुरुवात केली, की आपल्याला खरं तर किती कमी लागतं वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मॅडम, मी भांडुपला चाळीत वाढलो. एका खोलीत सात जण. अभ्यास जिन्यात केला. आयुष्यात पहिल्यांदा मोठं घर बांधायला निघालोय, आणि आता तुम्ही मला सांगताय, कमी लागतं?"

आवाज चढला नव्हता. साधेपणाची गोष्ट करणाऱ्याने समोरच्याच्या वाट्याला आधी काय आलं होतं ते विचारावं, हे मला कोणत्याच शिबिरात शिकवलं नव्हतं. मी चहा मागवला. मग मी विचारलं, चाळीत कशाचा त्रास जास्त व्हायचा? जागेचा की आणखी कशाचा? ते म्हणाले, उकाड्याचा. वर पत्रा होता. आणि आईला कुठे मोकळं बसता यायचं नाही याचा.

मी म्हटलं, खोल्यांचा आकडा तुम्ही ठरवा. पण ज्यात कधी उकडणार नाही आणि मोकळं बसता येईल असं घर मी तुम्हाला देते. हा शब्द मी दिला, आणि पुढचे आठ महिने तो मला टोचत राहिला.

खोल्या हळूहळू त्यांनीच कमी केल्या. थिएटर गेलं, बार गेला. दोन बेडरूम, हॉल, एक मोठी ओसरी, मधोमध स्वयंपाक आणि जेवण एकत्र. प्लॉटवरची आंब्याची दोन झाडं आणि एक जांभूळ राखून घर त्यांच्यामध्ये बसवलं. भिंती पोकळ ठेवायच्या होत्या. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, म्हणजे भिंतीच्या आत रिकामी जागा राहते, विटा कमी लागतात आणि बाहेरचं ऊन आत पोचायला वेळ लागतो. स्लॅबची गोष्ट जरा जास्त समजावून सांगायला हवी, कारण सगळं महाभारत त्यावरूनच झालं.

स्लॅबमध्ये वरचं काँक्रीट दाब सोसतं आणि खालच्या सळया ताण सोसतात. मधल्या, खालच्या बऱ्याच भागातलं काँक्रीट नुसतं वजन होऊन बसलेलं असतं. त्या जागी जुनी मंगलोरी कौलं घातली, दोन-दोन कौलं एकमेकांवर पालथी, आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यांतून सळया नेल्या, तर सिमेंट वाचतं, स्लॅब हलका होतो आणि कौलांच्या पोटातल्या हवेमुळे उष्णता कमी उतरते. ही नवी युक्ती नाही, पुष्कळ ठिकाणी वापरलेली आहे. आणि आपल्याकडे कौलं मुबलक. गावागावांतली घरं पाडून सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि पाडलेली कौलं भरावात जात होती. आम्हाला ती सुकापूरला एका पाडलेल्या शाळेची मिळाली.

सुकापूरचाच नामदेव म्हात्रे माझा मिस्त्री. साठीला टेकलेला, बारीक, कानात भिकबाळी. त्याच्या वडिलांची भातशेती होती तिथे आता सात मजली इमारती आहेत, आणि त्यातल्या दोन इमारतींचं काम त्याने स्वतः केलं होतं. मला तो पहिल्यापासून बाय म्हणायचा आणि बहिणीशी बोलावं तसं अगंतुगं करायचा. पोकळ भिंत त्याने नाक मुरडून का होईना पण बांधली. तीत उंदीर राहतील की नाही यावर आमचा एक आठवडा वाद झाला. स्लॅबचं चित्र बघून मात्र त्याने ते माझ्या हातात परत दिलं.

"कौलं घराच्या डोक्यावर घालतान, बाय. पोटान नाय."

मी त्याला समजावलं. आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर दिघे, म्हणजे स्लॅब-खांबांचं गणित करणारे, त्यांनीही समजावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला की तुमी शिकलेली मानसा, तुमी सांगतलं त करतो. मला तेवढं पुरलं.

स्लॅब भरायचा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात आला. आदल्या संध्याकाळी दिघ्यांनी सगळ्या सळया मोजून, अंतरं तपासून सही केली. आमच्या धंद्यात नियम आहे, तपासणी झाल्यावर सळईला हात लावायचा नाही. सकाळी सातला मी साइटवर हजर असायला हवी होती. पण पनवेलात एका सोसायटीत रात्री टाकीचा पाइप फुटला होता आणि ते लोक मला सोडेनात. मी विचुंबेला पोचले तेव्हा अकरा वाजले होते आणि अर्धा स्लॅब भरून झाला होता. वारं सुटलं होतं, गरम, धुळीचं. भरलेल्या भागावर ओली पोती टाकायला उशीर झाला होता. मी ओरडले, पोती टाकली गेली, काम पूर्ण झालं. त्या चार तासांपायी मला पुढे बरंच काही भोगायचं होतं.

तीन आठवडे स्लॅबवर पाणी साठवून ठेवायचं आणि मग खालच्या बल्ल्या, म्हणजे स्लॅबला दिलेले लाकडी टेकू, काढायच्या. त्या तीन आठवड्यांच्या शेवटी मेधाबाईंचे भाऊ सतीश साइट बघायला आले. त्यांचा बांधकाम साहित्याचा व्यवसाय होता. माणूस वाईट नव्हता, बहिणीची काळजी होती. पाणी काढलेल्या स्लॅबवर ते फिरले आणि एका जागी थांबले. हॉलच्या बरोबर वर एक रेघ होती. केसासारखी बारीक, पण दोन हात लांब.

त्यांनी प्रकाशरावांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सगळे साइटवर. सतीश म्हणाले की आतमध्ये कौलं भरल्यावर आणखी काय होणार, हा स्लॅब फोडून नेहमीसारखा टाका, माणसं खाली राहणार आहेत. प्रकाशराव माझ्याकडे न बघता त्या रेघेकडे बघत होते. नामदेव लांब आंब्याखाली उभा होता.

मला काय वाटत होतं ते आज लपवायचं कारण नाही. मला भीती वाटत होती. वाऱ्याने वरचा थर भराभर वाळला की अशा रेघा येतात, हे मी शंभर वेळा पाहिलं होतं. पण मी तिथे सकाळी नव्हते. माझ्या पाठीमागे काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं. आणि अशा पद्धतीचा स्लॅब मी स्वतः पहिल्यांदा टाकला होता. शिबिरात दाखवला होता, पुस्तकात वाचला होता. कोणाच्या घरावर नाही.

दिघे आले. त्यांनी गुडघ्यावर बसून रेघ पाहिली, नखाने खरवडली, मला बाजूला घेऊन म्हणाले की बहुतेक वरवरची आहे. मी त्यांना म्हटलं, बहुतेक चालणार नाही. ते म्हणाले, मग भार टाकून बघू.

भाराची चाचणी म्हणजे सोपी गोष्ट. घरात माणसं, कपाटं, पाणी मिळून स्लॅबवर कधी येईल त्याहून जास्त वजन त्यावर ठेवायचं, एक अख्खा दिवस. खाली घड्याळासारखं एक यंत्र लावायचं, ते स्लॅब केसभर जरी वाकला तरी दाखवतं. मग वजन उतरवायचं आणि बघायचं, वाकलेला स्लॅब परत वर येतो का. आला तर तो जिवंत आहे. नाही आला तर फोडायचा. फळ्या काढतात, पण बल्ल्या पूर्ण काढत नाहीत, छतापासून चार बोटं खाली करून ठेवतात. पडलाच तर बल्ल्यांवर पडावा म्हणून.

मी प्रकाशरावांना सांगितलं की चाचणीत स्लॅब नापास झाला तर तो मी फोडून नव्याने टाकून देईन आणि त्यानंतर हे काम दुसऱ्या कोणाला द्यायला तुम्ही मोकळे. ते म्हणाले, ठीक आहे. जाताना मेधाबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याने मला जास्तच घाबरायला झालं.

वाळूची पोती चढवायला पूर्ण सकाळ लागली. एकेक थर चढला की दिघे खाली जाऊन आकडा वाचायचे आणि वहीत लिहायचे. काटा थोडा थोडा सरकत होता. सरकायलाच हवा, न सरकणारा स्लॅब नसतो, पण ते माहीत असूनही प्रत्येक वेळी मी दिघ्यांच्या खांद्यावरून वहीत डोकावायचे. सतीश मोबाइलवर शूटिंग करत होते. आजूबाजूच्या बंगल्यांतले लोक कुंपणावरून बघत होते. मी दिवसभर काही खाल्लं नाही. नामदेवने मात्र आंब्याखाली बसून डबा उघडला, भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी निवांत खाल्ली, आणि मला म्हणाला की बाय, जेव, कायच व्हनार नाय. मला त्याचा राग आला. या माणसाला काही फिकीरच नाही असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिघ्यांनी आकडा वाचला आणि पोती उतरवायला सांगितलं. निम्मी उतरली तेव्हा काटा मागे फिरू लागला. सगळी उतरल्यावर तो जवळजवळ जिथून निघाला होता तिथे येऊन थांबला. दिघ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला, वहीत लिहिलं आणि वही प्रकाशरावांपुढे धरली.

"घट्ट आहे," ते म्हणाले. "खुशाल राहा."

मी स्लॅबखाली गेले आणि वर बघितलं. बल्ल्यांच्या गर्दीत कोणी नीट पाहिलंच नव्हतं. शाळेची ती कौलं लालसर, ओळीत, एकेक चौकोनात बसलेली दिसत होती. काहींच्या पाठीवर कारखान्याचा ठसा अजून वाचता येत होता. प्रकाशरावही शेजारी येऊन उभे राहिले. वर बघत म्हणाले, "याला प्लॅस्टर नको करूया." सतीशनी मोबाइल खिशात घातला आणि पोती गाडीत भरायला माणसं कमी पडत होती तिथे स्वतः हात लावला. त्या दिवसापासून सतीश साइटवर आले की नामदेवसाठी विड्याचं पान आणायचे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. दोन महिन्यांनी कंपाउंडच्या खांबांचं काम काढलं तेव्हा सळया कमी पडल्या. बऱ्याच कमी. मी आणलेलं लोखंड आणि वापरलेलं लोखंड जुळेना. चोरी झाली असेल म्हणून मी नामदेवला विचारलं, तुझ्या देखत सळया गेल्या कुठे?

"गेल्या नायत. हायेत ना," तो म्हणाला, आणि बोट वर केलं. "त्या स्लॅबान."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. स्लॅब भरायच्या दिवशी सकाळी, दिघे तपासून गेल्यानंतर आणि मी यायच्या आधी, त्याने हॉलवरच्या प्रत्येक पट्टीत एकीच्या जागी दोन सळया बांधल्या होत्या. कंपाउंडसाठी आणलेल्या. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती म्हणे.

"तू हुशार हायस, बाय. पन कौलांच्या खालती लेकरांवाली मानसा ऱ्हानार. मना नाय ऱ्हावला."

मी त्याला खूप बोलले. जास्त लोखंड म्हणजे जास्त मजबुती असं नसतं, प्रमाणाबाहेर घातलं तर स्लॅब सूचना न देता तुटतो, तपासणीनंतर हात लावणं हा गुन्हा आहे, सगळं बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. दिघ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच दिवशी गणित पुन्हा मांडलं. लोखंड प्रमाणात होतं, धोका नव्हता. चाचणीतला काटा अपेक्षेपेक्षाही कमी का सरकला होता तेही त्यांना आता समजलं. ते हसले. मला हसू येईना. ज्या चाचणीच्या जोरावर मी ताठ मानेने उभी होते ती माझ्या स्लॅबची नव्हतीच, नामदेवच्या स्लॅबची होती.

हे प्रकाशरावांना सांगायचं की नाही? दिघे म्हणाले, सांगायची गरज नाही, घर सुरक्षित आहे. मी दोन दिवस काढले. या दोन दिवसांचं मला अजून वाईट वाटतं, कारण मी खरोखरच न सांगण्याची कारणं शोधत होते. तिसऱ्या दिवशी मुलुंडला त्यांच्या घरी गेले, त्याच स्वयंपाकघराजवळच्या छोट्या टेबलाशी बसले आणि सगळं सांगितलं. स्लॅबमध्ये कागदावर आहे त्यापेक्षा जास्त लोखंड आहे, ते मला न सांगता घातलं गेलं, आणि त्या सकाळी मी तिथे नव्हते ही माझी चूक.

प्रकाशरावांनी सगळं ऐकलं. मग विचारलं की म्हणजे मिस्त्रीला माझ्या मुलीची काळजी वाटली आणि त्याने जास्त सळया घातल्या, बरोबर? मी हो म्हटलं. ते मेधाबाईंकडे वळून म्हणाले, "आमच्या चाळीचा पत्रा लावताना असा कोणी असता तर." आणि हसायला लागले. त्यांचं हसणं थांबेना, मग मेधाबाईही हसायला लागल्या. मला तिथे रडू आलं. त्यांनी मला जेवायला थांबवलं. त्या वर्षभरात पहिल्यांदा मी कोणत्याही स्लॅबचा विचार न करता जेवले.

नामदेवशी मी महिनाभर कामापुरतंच बोलत होते. शेलार राहायला आले, पहिला उन्हाळा गेला, एसीची जागा भिंतीत सोडली होती ती मेधाबाईंनी पुस्तकांचा कोनाडा करून टाकली. नामदेव अधूनमधून दुपारी काही कारण काढून तिकडे जायचा, हॉलमध्ये उभा राहून वर बघायचा, पाणी प्यायचा आणि निघायचा, असं मला मेधाबाईंकडून कळलं. मग पुढच्या वर्षी तो माझ्या ऑफिसात आला. कधी जिना चढून यायचा नाही तो आला. खुर्चीत बसला नाही. सुकापूरला त्याच्या वाट्याचा एक तुकडा उरला होता, त्यावर मुलासाठी घर बांधायचं होतं. कौलांचा स्लॅब पाहिजे, म्हणाला. मी विचारलं, सळया किती घालणार?

"तुझ्या मापान. जितक्या लागतान तितक्याच. पन भरताना तू सकाळपासून ऱ्हा."

मी पहाटे उजाडताच गेले आणि शेवटचं पोतं ओलं होईपर्यंत हलले नाही. एकेक पट्टीत एकेकच सळई. एकवीस दिवसांनी बल्ल्या काढल्या तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळे बाहेर उभे होते आणि नामदेव आत, बरोबर मधोमध, हात मागे बांधून, वर बघत. शेवटची बल्ली निघाली. काही झालं नाही. तो बाहेर आला आणि सुनेला म्हणाला की बायला च्या दे.

त्यानंतर आम्ही मिळून अशी आणखी अकरा घरं बांधली. फार मोठा आकडा नाही. या भागात तेवढ्या काळात किती मजले उभे राहिले त्याच्या मानाने तर काहीच नाही, आणि त्यातले कितीतरी अजूनही काचेचे आहेत. मी कोणाचं मन वळवण्यात फारशी हुशार नव्हते. गुडघ्यांनी सांगितल्यावर गेल्या वर्षी मी साइट बंद केल्या.

आमच्या धंद्यात जुन्या गिऱ्हाइकाचा फोन कधी येतो ते सांगते. जुलैत येतो. जुलैत फोन आला की समजायचं, कुठेतरी गळतंय. यंदा धो धो पाऊस लागला असताना, गाढी नदीचं पाणी चढल्याच्या बातम्या चालू असताना, प्रकाशरावांचा फोन आला. गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदा. माझ्या हातातून चमचाच खाली पडला. मी कसाबसा फोन उचलला आणि त्यांनी काही बोलायच्या आत विचारलं, कुठे गळतंय?

"कुठेच नाही," ते म्हणाले. "आठ दिवस झाले, बघतोय. कुठेच नाही. तुम्ही काळजीत असाल म्हणून म्हटलं सांगावं."

मी म्हटलं, बरं केलंत. त्यांनी तब्येत विचारली, मी त्यांची विचारली, आणि आम्ही फोन ठेवला. चमचा धुऊन आणला आणि उरलेला भात खाल्ला. बाहेर पाऊस पडत होता. पडू दे म्हटलं.